खतानं किती वाढलं? बाबांच्या प्रश्नाला टू-वे अनोव्हाचं उत्तर कसं द्यावं

पऱ्हाटी_आर्वी | 26 मे, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातली, कृषीच्या पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आहे. मागच्या हंगामात घरच्या वावरात एक लहान प्रयोग केला. थिसिसचा नाही, टू-वे अनोव्हा (दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासायची संख्याशास्त्राची रीत) हातानं करून समजावा म्हणून. पऱ्हाटीचे बारा सारखे प्लॉट आखले, सहा ओलिताचे आणि सहा कोरडवाहू. दोन्हींकडे तीन प्लॉटना खताची पूर्ण मात्रा दिली, तीन बिनखताचे ठेवले. सगळे वेचे मिळून प्रत्येक प्लॉटचा कापूस किलोत मोजला. वाचायला सोपं जावं म्हणून आकडे पूर्णांकात आणून देते:

कोरडवाहू, बिनखत: 3, 4, 5
कोरडवाहू, खत: 4, 5, 6
ओलीत, बिनखत: 5, 6, 7
ओलीत, खत: 10, 11, 12

अनोव्हा केला. एफ किंमत म्हणजे परिणामाचा फरक नुसत्या योगायोगाच्या फरकाच्या किती पट. ओलिताची एफ 48, खताची 27, ओलीत × खत या इंटरॅक्शनची (एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असण्याची) 12. एररची, म्हणजे सारखीच वागणूक दिलेल्या प्लॉटमधल्या आपसातल्या फरकाची, डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळ्या आकड्यांची संख्या) 8, त्यामुळे 5 टक्क्यांना टेबलमधली किंमत 5.32. तिन्ही त्याहून मोठ्या, म्हणजे सिग्निफिकंट, नुसत्या योगायोगानं सहसा न येणाऱ्या. मला आनंद झाला.

रात्री बाबांनी विचारलं, "खतानं किती वाढलं ते सांग." मी म्हटलं, खताच्या प्लॉटची सरासरी 8, बिनखताची 5, म्हणजे 3 किलो. बाबांनी वही ओढून घेतली, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं आणि म्हणाले, "कोरडवाहूत 4 चे 5 झाले, एक वाढला. ओलितात 6 चे 11 झाले, पाच वाढले. तुहा तीन कोठी हाय यात?"

मी वहीकडे बघत बसले. तीन किलो खरंच कुठेच नाही. मग मी सिग्निफिकंट म्हणून लिहिलेल्या त्या 27 चा अर्थ काय? आणि बाबांना सांगायचं काय?

गणिताचे_मास्तर | 26 मे, रात्री 10:35

ताई, तुमच्या बाबांनी इंटरॅक्शन बोटानं दाखवलं. आपण फक्त त्याला आकडा देऊ.

आधी असं धरा की पाणी आणि खत एकमेकांना ओळखतच नाहीत. सगळ्या बारा प्लॉटची सरासरी 6.5. ओलितानं त्यात 2 मिळवले, कोरडवाहूनं 2 घटवले. खतानं दीड मिळवले, बिनखतानं दीड घटवले. मग ओलीत आणि खत दोन्ही असलेल्या प्लॉटमध्ये 6.5 + 2 + 1.5 म्हणजे 10 यायला हवे होते. आले 11. कोरडवाहूत खत दिलं तिथे 6.5 − 2 + 1.5 म्हणजे 6 हवे होते, आले 5. चारही ठिकाणी हिशेब बरोबर एकानं चुकतो, दोन ठिकाणी वर, दोन ठिकाणी खाली. हा जो एक किलो नुसत्या बेरजेत बसत नाही, तीच आंतरक्रिया, म्हणजे इंटरॅक्शन. एकाचा वर्ग एक, बारा प्लॉट, म्हणून वर्गांची बेरीज 12. एररची, म्हणजे त्या त्या ठिकाणच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज प्रत्येक ठिकाणी 2, चार ठिकाणची 8, भागिले 8 डिग्री ऑफ फ्रीडम म्हणजे 1. बाराला एकानं भागलं की तुमची एफ 12.

पोरांना मी हे नेहमी आलेख काढून दाखवतो. आडव्या रेघेवर बिनखत आणि खत, उभ्या रेघेवर कापूस. कोरडवाहूची रेघ 4 वरून 5 वर जाते, ओलिताची 6 वरून 11 वर. दोन्ही समांतर असत्या तर "खतानं किती?" याला एकच उत्तर असतं. समांतर नाहीत, म्हणून त्या प्रश्नाला एक उत्तर नाही. विचारणाऱ्याला आधी उलट विचारावं लागतं, "पाणी होतं का?"

विहिरीवरचा | 26 मे, रात्री 11:02

हे तं आमाले रोजचं हाय. दोन औषधं येगयेगळी मारा, पानाले काही होत नाही. एकाच पंपात मिसळून मारा, दुसऱ्या दिवशी पान करपते. एकानं किती करपलं, दुसऱ्यानं किती करपलं, हे सांगताच येत नाही. दोघं मिळून करपवते.

काळीमाती | 27 मे, सकाळी 7:15

विहिरीवरचे भाऊ, हे उदाहरण उद्याच्या तासाला सांगतो.

ताई, आम्हाला नियम एकच शिकवला होता. इंटरॅक्शन सिग्निफिकंट निघालं की मुख्य परिणामाच्या ओळीकडे बघायचंच नाही. खाली एकेक सरासरी घेऊन सीडी (क्रिटिकल डिफरन्स, दोन सरासऱ्यांत खरा मानायला लागणारा किमान फरक) काढायची. तुमच्या आकड्यांत एरर 1, प्रत्येक ठिकाणी 3 रेप्लिकेशन (सारखे प्लॉट), 8 डिग्रीला टेबलमधली टी किंमत 2.306. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण चूक 0.816, म्हणून सीडी 1.88. कोरडवाहूतला खताचा फरक 1, तो सीडीच्या आत. म्हणजे कोरडवाहूत खतानं वाढलं असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही. ओलितातला फरक 5, सीडीच्या कितीतरी पुढे. बाबांना हेच सांगा. एफ 27 वहीतच राहू द्या.

धानपट्टा | 27 मे, सकाळी 9:40

काळीमाती, "बघायचंच नाही" हे मला पटत नाही. इंटरॅक्शन दोन तऱ्हेचं असतं. एकात रेघा समांतर नसतात, पण एकमेकींना कापतही नाहीत. ताईंच्या आकड्यांत खतानं दोन्हीकडे वाढच झाली, कुठे कमी कुठे जास्त. तिथे "खतानं वाढते" हे वाक्य निदान दिशेपुरतं उभं राहतं. दुसऱ्यात रेघा कापतात. तिथे सरासरी खरंच फसवते.

आमच्या चंद्रपूर-गोंदियाकडच्या धानाचं बघा. जुने उंच वाण होते, त्यांना नत्र जास्त दिलं की ताट वाढायचं, लोंबी जड व्हायची आणि एका वाऱ्यात धान लोळायचा. उत्पादन वाढायच्या ऐवजी घटायचं. 1966 मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आयआर-8 हा बुटका वाण दिला. तो तेवढ्याच नत्रावर उभा राहायचा आणि दाणा भरायचा. आता उंच आणि बुटका दोन्ही एकत्र करून "नत्रानं सरासरी किती वाढलं?" असं विचारलंत तर उत्तर शून्याजवळ येऊ शकतं. आणि कुणीतरी लिहील, नत्राचा परिणाम एनएस, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट. तो एनएस वाचून नत्र सोडून देणं केवढं चुकीचं ठरलं असतं! हरितक्रांतीचं अर्धं गणित वाण × नत्र या एका ओळीत आहे असं मला वाटतं.

काळीमाती | 27 मे, सकाळी 10:05

मान्य. "बघायचंच नाही" मागे घेतो. "आधी आलेख बघा, मग ठरवा" असं म्हणतो.

खारपाण | 27 मे, दुपारी 1:20

कापणाऱ्या रेघा बघायच्या असतील तर आमच्या दर्यापूरकडे या. पूर्णेचं खोरं, अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण खारं. गोड्या पाण्याच्या गावात ओलितानं पीक वाढते. इथे तेच ओलीत दोन-तीन वर्षं दिलं की सोडियम मातीत बसते, चिकणमाती फुगते, तिची छिद्रं बुजतात, वरचं पाणी खाली मुरत नाही. वावर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. म्हणून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या ओलीवर हरभरा घेतात, विहिरीचं पाणी वावराला लावत नाहीत.

माझ्या आजोबांनी हे सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिकडच्या नातेवाइकाच्या शेतातलं ओलीत पाहून आपल्याकडे मोटर बसवली. दोन एकर खराब केलं. नंतर शिकायला गेल्यावर "ओलीत × जमीन" ही इंटरॅक्शनची ओळ फळ्यावर दिसली तेव्हा मला ते दोन एकर दिसले.

तुरीची_शेंग | 27 मे, दुपारी 3:10

मध्येच एक शंका. माझ्याकडे तुरीच्या चार वाणांचा आणि पेरणीच्या तीन तारखांचा प्रयोग आहे. प्रत्येक जोडीला एकच प्लॉट. संगणकात टाकलं तर इंटरॅक्शनची एफ येतच नाही. माझी मांडणी चुकली का?

गणिताचे_मास्तर | 27 मे, दुपारी 4:00

मांडणी चुकली नाही, प्लॉट कमी पडले. एकाच जोडीचा दुसरा प्लॉट नसेल तर न जुळणारा आकडा इंटरॅक्शनचा की नुसता वावराच्या उंचसखलपणाचा, हे ओळखायला काहीच नाही. दोन्ही एकाच ओळीत मिसळून जातात. 4 वाण, 3 तारखा, म्हणजे 3 × 2 मिळून 6 डिग्री ऑफ फ्रीडम, आणि त्या सहाच्या सहा एरर म्हणून वापराव्या लागतात. संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी 1949 मध्ये यातली एक डिग्री बाजूला काढून तपासायची रीत दिली, पण ती एकाच तऱ्हेची आंतरक्रिया पकडते, दोन परिणामांच्या गुणाकारासारखी. शक्य असेल तर यंदा प्रत्येक जोडीला निदान दोन प्लॉट करा.

पऱ्हाटी_आर्वी | 27 मे, रात्री 8:30

सगळ्यांचे मनापासून आभार. आलेख काढून बाबांना दाखवला. त्यांनी ओलिताच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे चढते." कोरडवाहूच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हे टेकलेलं हाय." एवढं स्पष्ट मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे यंदा कोरडवाहूचं खत कमी करायला सांगू का?

तिफन | 27 मे, रात्री 9:15

ताई, जरा थांबा. आधी दोन गोष्टी.

एक, कोरडवाहूत फरक सीडीच्या आत आला म्हणजे खताचा फायदा नाही असं सिद्ध झालं नाही. तीन-तीन प्लॉटमध्ये एक किलोचा फरक दिसायला जागाच नव्हती. हेच इंटरॅक्शनलाही लागू आहे. खताचा मुख्य परिणाम म्हणजे दोन फरकांची सरासरी, इंटरॅक्शन म्हणजे त्याच दोन फरकांतला फरक. तेवढ्याच प्लॉटमध्ये दुसऱ्याची प्रमाण चूक पहिल्याच्या दुप्पट येते. तुमच्याच आकड्यांत बघा, 3 किलोच्या मुख्य परिणामाची 0.58 आणि 4 किलोच्या इंटरॅक्शनची 1.15. म्हणजे मुख्य परिणामाएवढंच मोठं इंटरॅक्शन तितक्याच खात्रीनं पकडायला चौपट प्लॉट लागतात. थिसिसमध्ये "इंटरॅक्शन एनएस" वाचलं की लोक "इंटरॅक्शन नाही" असं धरतात, तिथे मला फार त्रास होतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ओलीत कसं दिलं होतं? बारा प्लॉटमध्ये चिठ्ठ्या टाकून सहा निवडले, की वावराची एक बाजू ओलिताची होती?

पऱ्हाटी_आर्वी | 27 मे, रात्री 9:32

एक बाजू. विहिरीकडची अर्धी ओलिताची, धुऱ्याकडची अर्धी कोरडवाहू. पाइप तेवढाच होता.

तिफन | 27 मे, रात्री 10:20

तीच शंका होती. मग पाण्याचे प्लॉट सहा-सहा नाहीत, एक-एक आहेत. विहिरीकडचा तुकडा आणि धुऱ्याकडचा तुकडा. विहिरीकडची माती खोल असेल, धुऱ्याकडे मुरूम वर आला असेल. तुमची 48 ही एफ पाण्याची की मातीची, हे या प्रयोगातून कुणालाच सांगता येणार नाही. खताच्या चिठ्ठ्या तुकड्याच्या आत टाकल्या असतील तर एवढं ठामपणे म्हणता येतं की दोन तुकड्यांत खताचा परिणाम वेगवेगळा आला. तो पाण्यामुळे आला हे मात्र नाही.

मन लहान करू नका, कारण ही वाट फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये रुजू झाले. अनोव्हाचं पहिलं छापील टेबल 1923 चं, फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांचं. विषय काय, तर बटाट्याचे 12 वाण आणि खतं, म्हणजे थेट तुमचाच प्रश्न, वाण बदलला की खताचा परिणाम बदलतो का? त्यांच्या आकड्यांत तसा फरक दिसला नाही. पण मांडणी बघा. अर्ध्या वावरात शेणखत आणि अर्ध्यात नाही, तुमच्या विहिरीकडच्या बाजूसारखंच. पोटॅशचे प्रकार तर प्लॉटच्या आतल्या ओळींना दिलेले. पहिल्या टेबलात सगळ्याला एकच एरर वापरली होती. मोठ्या प्लॉटची एरर वेगळी आणि आतल्या ओळींची वेगळी धरून फिशर यांनी 1925 मध्ये ते आकडे स्वतःच दुरुस्त करून मांडले. आज आपण ज्याला स्प्लिट प्लॉट म्हणतो, एरर ए आणि एरर बी लिहितो, ते हेच.

काळीमाती | 28 मे, सकाळी 6:50

हे वाचून रात्रीच कपाट उघडलं. आपल्या कृषी महाविद्यालयांत पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातं, त्यातला स्प्लिट प्लॉटचा भाग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. पाणी लहान प्लॉटला देता येत नाही म्हणून ते मोठ्या प्लॉटला द्यायचं, हे तिथे असतंच. मी ते फॉर्म्युला म्हणून वाचलं, पाइपची लांबी म्हणून कधी वाचलं नाही. आणि वर सीडी 1.88 काढून मोकळा झालो. ताई, ओलिताची बाजू कुठली हे मी आधी विचारायला हवं होतं.

धानपट्टा | 28 मे, सकाळी 8:15

अजून एक, कारण यावर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला होता. कधीकधी इंटरॅक्शन मोजपट्टीचं असतं. समजा एका ठिकाणी 4 चे 6 झाले, दुसऱ्या ठिकाणी 6 चे 9. किलोत बघितलं तर 2 आणि 3, समांतर नाही. पण दोन्हीकडे वाढ दीडपटच आहे. लॉग घेतला की रेघा समांतर होतात. ताईंच्या आकड्यांत मात्र कोरडवाहूत सव्वापट आणि ओलितात जवळपास पावणेदोनपटीच्या वर, तिथे लॉग घेऊनही रेघा समांतर होत नाहीत. कापणाऱ्या रेघा तर लॉगनं कधीच सुटत नाहीत.

विहिरीवरचा | 28 मे, सकाळी 8:40

लॉग मले समजला नाही, दीडपट समजली. पण बाजारात किलोच इकते, लॉग नाही. बाबाले किलोतच सांगजा, ताई.

धानपट्टा | 28 मे, सकाळी 8:52

अगदी बरोबर भाऊ. खताचा खर्च निघतो का, हे किलोतच ठरतं.

तिफन | 28 मे, सकाळी 11:30

यंदासाठी मांडणी सुचवतो. वावराचे चार पट्टे करा, विहिरीकडून धुऱ्याकडे, म्हणजे मातीचा फरक पट्ट्यापट्ट्यात वाटला जाईल. प्रत्येक पट्ट्याचे दोन भाग. नाणं टाकून एक ओलिताचा, एक कोरडवाहू. त्या प्रत्येक भागाचे परत दोन, पुन्हा नाणं, एकाला खत आणि एकाला नाही. एकूण 16 लहान प्लॉट, 15 डिग्री ऑफ फ्रीडम. पट्ट्यांच्या 3, पाण्याची 1, एरर ए च्या 3, खताची 1, इंटरॅक्शनची 1, एरर बी च्या 6. पाणी एरर ए वर तपासायचं, खत आणि इंटरॅक्शन एरर बी वर. पाण्याबद्दलची खात्री कमीच राहील, पण खत आणि इंटरॅक्शन नीट दिसेल, आणि बाबांचा प्रश्न तिथेच आहे.

ओलीत आणि कोरडवाहू यांच्यामध्ये चार तासं (पिकाच्या ओळी) सोडा. काळ्या मातीत पाणी बाजूला झिरपते. ती तासं वेचायची, पण मोजायची नाहीत.

पऱ्हाटी_आर्वी | 7 जून, रात्री 9:05

उशिरा लिहिते, वावरात होते.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांना म्हटलं, खतानं किती वाढतं याला माझ्याकडे एक आकडा नाही. पाण्याच्या बाजूला खताचा फायदा भरपूर दिसला. धुऱ्याकडे एवढा दिसला नाही, पण तो पाण्यामुळे की मुरमामुळे हे मला माहीत नाही, म्हणून कोरडवाहूचं खत बंद करा असं मी सांगणार नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धुऱ्याकडं मुरूम हायेच. तुह्या आजोबानं तिकडं कधी तूर सोडून काही पेरलं नाही." हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आज चार पट्टे आखले. दोरी बाबांनी धरली, खुंट्या मी ठोकल्या. जोडणीसाठी काकांकडून आणखी दोन नळ्या आणि व्हॉल्व्ह आणले. नाणं टाकायची वेळ आली तेव्हा तिसऱ्या पट्ट्यात ओलीत धुऱ्याकडच्या भागाला आलं. तिथे पाइप सगळ्यात लांब न्यावा लागतो. बाबा म्हणाले, "आता आलं तं आलं, बदलू नको." मृगाचा पाऊस आला की टोबणी. आकडे डिसेंबरात, शेवटच्या वेच्यानंतर, इथेच टाकीन.

खारपाण | 7 जून, रात्री 9:40

विहिरीच्या पाण्याची एकदा तपासणी करून घ्या, ताई. आर्वीकडे खारं नसेल, तरी एक बाटली भरून द्या.

पऱ्हाटी_आर्वी | 7 जून, रात्री 9:44

भरून ठेवली आहे. उद्या वर्ध्याला जाताना देते.